कन्सोलोमावशीने नाच मध्येच मिटवला

हेरेस शहरातल्या सांतियागो मोहल्ल्यात गिटार वाजवणाऱ्यांना तोटा नाही, पण नाचणारीच्या पायांवरून नजर न हलवणारे थोडेच. आन्सेल्मो त्यातला. इथली रीत अशी, की नाच संपवायचा तो नाचणारीने. तिने टाचेने इशारा द्यायच्या आत ज्याची गिटार थांबली, त्याला पुन्हा कोणी बोलवत नाही.

तर या आन्सेल्मोचं डावं मनगट दुखू लागलं. दोष त्याचाच. फळ्यांवर आपटणाऱ्या टाचांपुढे आपली गिटार ऐकू जावी म्हणून गडी जीव खाऊन वाजवायचा. डाव्या हाताचा अंगठा तर दांडीमागे असा रोवायचा, जणू ती पळूनच जाणार आहे. मध्ये विसावा घेणं म्हणजे कमीपणा. डॉक्टरने बजावलं, असंच चाललं तर हात कायमचा जाईल. त्याने हे बायकोलाही कळू दिलं नाही.

आणि कन्सोलोमावशीच्या निरोपाच्या नाचाला साथीला तोच बसला. मावशी सत्तरीची, अख्ख्या मोहल्ल्याची मावशी. बुलेरियाची द्रुत लय रंगात आली आणि याची बोटं बधिर झाली. थांबावं तर तिच्या शेवटच्या नाचाचा विचका, न थांबावं तर हात जातो. गिरकी घेताना मावशीला त्याचा पांढराफटक अंगठा दिसला. तिने टाच आपटली आणि नाच तिथेच मिटवला.

"म्हातारीचे गुडघे गेले वाटतं," मागून कोणीतरी हसलं.

"गेले बाबा, गेले," मावशी म्हणाली आणि तिने शेरीचा पेला मागितला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला आपल्या स्वयंपाकघरात बसवलं. "तो अंगठा काढ मागून. आता वाजव. मी वांग्याचे काप तळतेय, त्यांची चुरचुर मला ऐकू आली पाहिजे, इतकं हळू. दुखलं की खाली ठेवायची."

आन्सेल्मोला रडू आवरेना. "मावशी, तुझा शेवटचा नाच होता गं."

"मग? माझ्या पायांचं आता राहिलंय काय? तुझ्या हाताचं सगळं व्हायचंय अजून, गाढवा. वाजव."

तो हिवाळा त्याने त्या चुलीपाशीच काढला. हात हळूहळू मोकळा झाला. आज त्याचे केस पिकलेत, तरी तो वाजवतो. काय हात आहे, असं कोणी म्हटलं की तो सांगतो, "मावशीचा आहे." आणि त्यात खोटं काही नाही.