थंड इंजिनाची आरती

राही आणि निशांत,

रविवारी फोनवर निशांत म्हणाला की तो जुनी डिझेल गाडी घेतोय. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता, पण विकणाऱ्याने कॉम्प्युटर लावून तो घालवला. "सेन्सरचं नाटक आहे, बाकी गाडी फर्स्ट क्लास," असं तो म्हणाला म्हणे. फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच पाठवते. पैसे देण्याआधी वाच. राही, तूही वाच, तुझीही पाळी येईल.

तुम्हाला मी फक्त आजी म्हणून माहीत आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. भिवंडीतल्या एका सहकारी बँकेसाठी गाड्या तपासायचे. जुन्या गाडीला कर्ज द्यायचं, तर ती गाडी कर्ज फिटेपर्यंत तरी चालेल का, याचा रिपोर्ट मी द्यायचा. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पीयूसी, म्हणजे गाडीचा धूर हद्दीत आहे असं सांगणारा कागद, तेव्हा नवा होता. लोकांचा त्याच्यावर फार विश्वास होता.

बळीराम पाटील गणेशपुरीकडच्या एका गावचा. भिवंडीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होता. गणेशपुरीला आश्रमात येणाऱ्यांसाठी टॅक्सी चालवायची म्हणून त्याने काल्हेरच्या रस्त्यावर मधूशेठच्या आवारात एक पांढरी डिझेल गाडी पसंत केली होती. तिच्या भरवशावर लूमची ड्युटी सोडूनही टाकली होती. मी गेले तेव्हा तो आणि त्याची बायको हिराबाई गाडीजवळ उभे होते. हिराबाईच्या पिशवीत नारळ होता.

मी आधी बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच गरम होतं.

"गाडी कुठे जाऊन आली?"

"कुठेच नाही मॅडम," मधूशेठ म्हणाले. "आत्ताच आरती झाली. आपल्याकडे रोज सकाळी सगळ्या गाड्या स्टार्ट करायच्या, मग उदबत्ती ओवाळायची. वडलांपासून आहे."

माणूस खरोखरच धार्मिक होता. अडचण तीच होती.

का, ते सांगते. डिझेल इंजिनाची दुखणी थंड असताना दिसतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिनातलं ऑइल वर येऊन जळतं, मग धूर निळा येतो. डिझेल अर्धवट जळलं तर काळा. इंजिन तापलं की धातू फुगतो, फटी लहान होतात आणि बराचसा निळा धूर नाहीसा होतो. मी गाडी सुरू केली. लगेच लागली. धूर नावापुरता. पीयूसीही ताजी.

"उद्या गाडी थंड ठेवा. मी आल्यावरच सुरू करायची," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी आणखी लवकर गेले. आवारात उदबत्तीचा वास आणि बॉनेट गरम.

"आरती चुकवता येत नाही ना मॅडम."

बँकेत परतले तर आमचे मॅनेजर साठेसाहेब वाटच पाहत होते. मधूशेठ बँकेचे जुने खातेदार.

"मॅडम, आरसी बुक आहे, पीयूसी आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"थंड इंजिन."

"आपल्या रिपोर्टमध्ये तसा रकाना नाही."

"समासात लिहीन."

"तो माणूस नोकरी सोडून बसलाय हो."

"म्हणूनच, साहेब."

बळीराम बाहेर बाकावर बसला होता. त्याला वाटत होतं, मीच खोडा घालतेय. "मॅडम, सहीचं तेवढं बघा ना," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "उद्या सकाळी दोघंही या. त्यानंतर मी हो म्हणेन नाहीतर नाही म्हणेन, पण उद्याच म्हणेन."

तिसऱ्या सकाळी मी आवाराचं फाटक उघडायच्या आधी तिथे होते. मधूशेठ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले.

"शेठ, आरती करा. पण गाडी बंद ठेवून."

त्यांचा चेहरा उतरला. "बंद गाडीला ओवाळायचं? ती काय मेलीय का? अशुभ बोलू नका सकाळी सकाळी."

इंजिनिअरिंगला हा विषय नव्हता. उत्तर दिलं बळीरामने, तेही मला मदत करायला नव्हे, त्याला खरंच नवल वाटलं म्हणून.

"असं कसं शेठ? दसऱ्याला लूम बंद करूनच पूजतो आमी. चालत्या लूमला हार घालाया जाल तर हात जाईल."

"लूमचं वेगळं."

"आनि नांगराचं?" हिराबाई म्हणाली. "आमच्याकडं अवजार धुवून, निजवून पूजतान. त्या दिवशी त्याला इसावा. तुमी तर देवाच्या नावान रोज सकाळी पळवता बिचाऱ्या गाड्यांना."

आवारातला रंगारी हसला. मधूशेठनी त्याच्याकडे पाहिलं, मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि बंद गाड्यांना ओवाळलं. जरा घाईघाईनेच.

मग मी बॉनेटला हात लावला. गार. बळीरामला म्हटलं, "बसा, मारा स्टार्टर."

पहिल्यांदा नुसतीच घरघर. दुसऱ्यांदाही. मग इंजिन थडथडत लागलं आणि मागून निळसर पांढरा लोट निघाला. थंडीत थोडा पांढरा धूर येतो, लगेच जातो. हा जाईना. ताज्या उदबत्तीचा वास कुठल्या कुठे गेला. हिराबाईने पदर नाकाला लावला. मी ऑइल भरायचं झाकण काढलं, तर तिथूनही धूर धापा टाकल्यासारखा येत होता. रिंगा गेल्या होत्या.

"पण मग पीयूसी पास कशी?" बळीरामने विचारलं.

मधूशेठ सोडून मी सगळ्यांना गाडीत बसवलं, रंगाऱ्यालाही, आणि स्टिअरिंग स्वतः घेतलं. आवारातून मेन रोडवर चढायला लहानसा चढ होता. गाडी अर्ध्यावर मेली. मागून एक ट्रकवाला ओरडला, "धक्का लगाऊं क्या, चाची?"

मधूशेठ धावत आले. "काही नाही, पंपाचा स्क्रू थोडा सोडला की येईल पिकअप."

"मग तो आवळला कोणी?"

डिझेल पंपाचा हा स्क्रू इंजिनाला किती डिझेल मिळेल ते ठरवतो. तो आवळून डिझेल कमी केलं की काळा धूर कमी होतो आणि गाडी तपासणीत पास होते. फक्त माणसं घेऊन चढ चढत नाही. टॅक्सीला दुसरं काम काय असतं?

"रिंगा बसवून देतो," मधूशेठ म्हणाले. "बळीराम, तू सांग."

बळीरामने गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. ती त्याला खरंच आवडली होती. मग तो हिराबाईला म्हणाला, "नारळ राहू दे पिशवीत."

मी त्याच दिवशी रिपोर्ट दिला आणि समासात कारण लिहिलं. साठेसाहेबांनी तो वाचून माझ्यासाठी चहा मागवला.

मधूशेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनीच निरोप पाठवला, दुसरी गाडी आली आहे, इंजिन थंड आहे, येऊन बघा. दिसायला ती पहिलीच्या निम्मीही नव्हती. दारं करकरायची. पण पहिल्या स्टार्टरला लागली आणि धूर लगेच विरला. नारळ तिच्यापुढे फुटला. बळीरामने तिच्यावर पुष्कळ वर्षं गणेशपुरीच्या फेऱ्या मारल्या. येईल त्याला तो सांगायचा, आरतीच्या आधी बॉनेटला हात लावा.

निशांत, आमच्या गाड्यांना काजळी पकडणारा फिल्टर नव्हता आणि दिवाही नव्हता. तुझ्या गाडीला दोन्ही आहेत. पण तू पोचायच्या आधी घालवलेला दिवा म्हणजे माझ्यासाठी गरम बॉनेटच. मेकॅनिकला त्याचं मशीन लावून बघू दे. दिवा पुसल्यावर गाडी किती चालली ते बहुतेक वेळा त्यात दिसतं. मग थंड इंजिन सुरू कर आणि माणसं भरून चढावर ने. विकणारा खोटारडाच असेल असं नाही. पण तू गेल्यावर तुझ्याबरोबर येणार ती गाडी, तो नव्हे.

बळीरामची गाडी कधीच भंगारात गेली. मधूशेठ नाहीत, त्यांच्या आवारावर आता गोडाऊन आहे. मुलाने थोडं पुढे, कशेळीच्या बाजूला दुकान काढलंय. तिथे रोज सकाळी आरती होते, गाड्या बंद ठेवून.

तुमची आजी