उस्मानभाईंनी न केलेला अर्ज

उस्मानभाई सारंग यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लिहा, असं मंडळाने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी टाळलं. त्यांचं कौतुक करायला माझी जीभ अडते असं नाही. पण त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर माझी एक चूक चारचौघांत सांगावी लागते. आता या वयात लपवून तरी काय मिळवायचंय, सांगून टाकतो.

आमची ओळख रियाधला, ओलायातल्या एका इमारतीत लिफ्टपाशी झाली. मी नाशिकहून नुकताच आलेला इंजिनीअर, इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कागदांचा गठ्ठा घेऊन घामाघूम. ते तिथेच कारकून, मूळचे रत्नागिरीकडचे. माझं मराठीतलं चरफडणं ऐकून त्यांनी गठ्ठा काढून घेतला, नीट लावला आणि आधी चहा घेऊ म्हणाले. दोन दिवसांत काम झालं. पुढे माझे वडील गेले तेव्हा कफील, म्हणजे माझा जामीनदार मालक, गावाला गेलेला आणि देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या माझ्या व्हिसावर त्याची सही अडलेली. उस्मानभाई त्याच्या मळ्यावर जाऊन दारात बसून राहिले, सही घेऊनच उठले. वडिलांचं शेवटचं दर्शन मला त्यांच्यामुळे झालं.

दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या खोलीवर कोकणातली माणसं यायची. शेजारच्या देशात लढाई पेटली तेव्हा ही माणसं तिथे बांधकामावर होती. घुसलेल्या फौजेने त्यांचे पासपोर्ट काढून घेतले आणि सात महिने त्यांच्याकडून खंदक खोदून घेतले. वाचले ते सौदीत आले, मिळेल त्या कामाला लागले. कालांतराने अशा मजुरांना भरपाई द्यायचं ठरलं. अर्ज इंग्रजीत भरायचे होते, म्हणून उस्मानभाईंनी मला हाताशी धरलं. त्यांची रीत ठरलेली: आधी माणसाचं गाव विचारायचं, मग घरची खुशाली, आणि कागद सगळ्यात शेवटी. मला तो वेळकाढूपणा वाटायचा.

एका शुक्रवारी ते मदिनेला गेले होते. अल खर्जच्या डेअरीतले कासिम तांबे एवढ्या लांबून आलेले, म्हणून मी एकट्यानेच त्यांचा अर्ज भरायला घेतला. मोबदला काय मिळाला, असा एक रकाना होता. कासिम म्हणाले, रोज दोन खुबूस, दोन रोट्या, देत होते. मी म्हटलं, मग ‘काही नाही’ लिहू ना? त्यांना ते लागलं.

“साहेब, खाल्लेल्या अन्नाला नाही कसं म्हणू? अल्लाला तोंड दाखवायचंय.”

मी रकान्यात ‘जेवण’ लिहिलं. शहाणाच मी! वर्षभराने उत्तर आलं: मोबदला घेऊन काम केलेलं असल्याने ही सक्तीची मजुरी नव्हे. ते पत्र कासिम यांच्या गावच्या पत्त्यावर गेलं, कुणीतरी ते वाचून दाखवलं आणि कासिम शत्रूच्या फौजेत नोकरीला होता, असं गावभर झालं. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. माणसाने गावी जाणंच टाकलं.

उस्मानभाई मला चार शिव्या देते तर बरं झालं असतं. त्यांनी कासिम यांना पुन्हा बोलावलं, घरची खुशाली विचारली आणि मग एवढंच विचारलं, “खोदणार नाही म्हणालास, त्या दिवशी काय खाल्लंस?”

कासिम म्हणाले, “त्या दिवशी काही नाही, भाई. तीन दिवस काही नाही.”

खोदलं नाही की उपाशी, मग तो मोबदला कसला? हेच वाक्य आम्ही नव्या अर्जात लिहिलं. पण एकदा नाकारलेला दावा पुन्हा उभा करायचा म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. नऊ वर्षं गेली. दर फेरीला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हजर हवा. होते त्यातले दोघे वारले, एकाचा पत्ता लागेना. उरले उस्मानभाई. ते त्याच साइटवर टाइमकीपर होते, त्याच खंदकात त्यांनीही फावडं मारलं होतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं शेजारी बसून अर्ज भरतोय आणि मला पत्ता नाही! तुमचा अर्ज कुठाय, असं मी विचारलं.

“दावेदाराची साक्ष धरत नाहीत,” ते म्हणाले. “मी अर्ज केला की या सगळ्यांचं खलास.”

त्यांची स्वतःची मुदत अशीच निघून गेली. मला फार राग आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही. मधल्या काळात त्यांची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा कासिम यांच्या सुनावणीची तारीख विचारली.

गेल्या महिन्यात निकाल आला. ‘सक्तीने काम करून घेतले’ हे शब्द त्यात स्पष्ट आहेत. कासिम तो कागद घेऊन गावी गेलेत. मी धावत उस्मानभाईंकडे गेलो. ते खुर्चीत बसले होते. बरं झालं म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. इतका दमलेला माणूस मी पाहिला नाही.

उस्मानभाई, अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंततात. तुम्ही आजवर दुसऱ्याच्या तारखेसाठी जगलात, औषधंसुद्धा त्यासाठीच घेतलीत. आता कुणाची तारीख नाही, कुणाला तुमची साक्ष नको. तरीही पुष्कळ जगा, धडधाकट राहा. आम्हाला तुम्ही नुसते हवे आहात.