भामाबाईच्या बैठकीची उंची

होडीत भामाबाईची जागा लग्नापासून ठरलेली होती. पुढच्या टोकाला, जाळ्याच्या ढिगाशेजारी. नवरा बिभीषण मागं उभा राहून होडी हाकायचा, आणि ही जरा कुठं वाकून पाण्यात बघायला लागली की तिथून ओरडायचा, "भामे, धरून बस!" माजलगावच्या धरणावर हे ओरडणं सगळ्या मासेमारांच्या ओळखीचं झालं होतं. बाई काही पडत नव्हती हो! पण ओरडल्याशिवाय त्या माणसाला करमत नव्हतं.

मग बिभीषणच्या डोळ्यांपुढं धुकं साचायला लागलं. बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली तेवढी थेंब घालून सांभाळा. आणि नेमकी तेव्हाच नवी होडी आलेली, फायबरची, मागं इंजिन असलेली. आता ती हाकणार कोण? "मी," भामाबाई म्हणाली. चहा कोण टाकणार असं विचारल्यावर म्हणावं, तितक्या सहज.

पण धरणाच्या पोटात एक जुनं गाव बुडालंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या गावाच्या बाभळींची खोडं पाण्याच्या बरोबरीला येतात. समोरचं पाणी दिसलं नाही तर होडीचं काही खरं नाही. बिभीषण ताडमाड, तो उभ्यानं बघायचा. भामाबाई ठेंगणी; उभी राहिली तर एका धक्क्यात पाण्यात जायची. म्हणजे बसूनच हाकायची, आणि त्यासाठी इंजिनापाशी बैठक हवी.

बिभीषणनं आधीच सांगून टाकलं, "तुला खोडं दिसली तर ठीक. न्हाईतर होडी आप्पारावला इकून टाकू. तू ऱ्हा पोरीकडं. म्या धारूरला पुतण्याची शेरडं राखीन. तुला माझं वझं कावून?"

"शेरडं तरी दिसतेल का तुमाला?" भामाबाई फटकन बोलली खरी, पण हे नुसतं बोलणं नाही, हे तिला कळलं होतं. आप्पाराव शेजारचाच मासेमार, तो होडीवर डोळा ठेवूनच होता.

नारळ फोडल्याशिवाय नवी होडी पाण्याला लावायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून सिदू वेल्डरनं काठावरच, दोन ओंडक्यांवर ठेवलेल्या होडीत बैठक बसवली. भामाबाई बसली. पाय टेकले, हात इंजिनाच्या, होडी वळवायच्या दांड्यावर अलगद पडला, समोर सगळं धरण उघडं. सिदू खूश, बाई खूश. नारळ फुटला, होडी पाण्यात गेली, इंजिन चालू झालं, आणि मागची बाजू जशी खाली दबली, तसं होडीचं नाक वर! भामाबाईला पुढं दिसत होता फक्त नाकावर बांधलेला झेंडूचा हार. घसरर्र आवाज झाला आणि एक खोड होडीच्या पोटाला खरवडून गेलं. नशीब, फाटली नाही.

काठावरचं माप पाण्यात चालत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रीतीपुढं डोकं कोण चालवतो?

सिदूनं बैठक चांगली उंच करून दिली. आता दिसत होतं, पण पाय लटकत होते आणि दांड्यासाठी खाली वाकावं लागत होतं. पहिल्याच वळणाला होडी कलली, भामाबाई घसरली आणि बैठकीची कड धरून कशीबशी वाचली. काठावर उभ्या बिभीषणला फार काही दिसलं नाही, पण तिची किंकाळी ऐकू आली. ती काठाला आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बास. आप्पारावला सांगावा धाडतो."

दुसऱ्या दिवशी तो घरातून हललाच नाही. भामाबाई मात्र जिद्दीची. सिदूकडून तिनं बैठक पार खाली करून घेतली, आणि घरची जुनी वाकळ, जाडजूड गोधडीच ती, काखोटीला मारली. बैठकीवर वाकळेची एक घडी टाकायची, होडी चालवून बघायची, परत यायचं, दुसरी घडी टाकायची. माप डोळ्यांनी नाही, बुडानं घ्यायचं! काठावरची माणसं हसली. हसू देत. पण तिला मेळच बसेना. पाय टेकले तर खोडं दिसेनात, खोडं दिसली तर पाय लटकायचे. वाकळ मांडीवर घेऊन ती किती तरी वेळ बसून राहिली. रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता.

मग तिची नजर गेली होडीच्या टोकाकडं, स्वतःच्या जुन्या जागेकडं. ती रिकामी होती.

ती तडक घरी गेली. "उठा."

"कावून?"

"उठा म्हणते ना!"

तिनं त्याला हाताला धरून टोकाला बसवलं, जाळं शेजारी ठेवलं आणि इंजिन चालू केलं. बिभीषणच्या वजनानं नाक खाली आलं. पाय टेकत होते तेवढ्याच वाकळेच्या घड्या, आणि समोर बाभळीची खोडं एकेक करून दिसायला लागली. दोन खोडांच्या मधून तिनं होडी अशी काढली, की काठावर हसणारे गप्प झाले. काय बाई आहे! असं कौतुक वाटतं की विचारू नका.

परतल्यावर काठाला आप्पाराव उभाच होता. बिभीषण हळूच म्हणाला, "दिसतंय ना तुला? मग माझ्या जागी वाळूचं पोतं ठिव. तेवढंच वजन लागतंय."

भामाबाईनं इंजिन बंद केलं. "पोतं जाळं वढील का? पोतं माझ्याशी भांडंल का? ह्या बैठकीवरून दिसायचं तर तुमी म्होरं पायजेत. पोत्यासाठी म्या येवढा आटापिटा केला न्हाई."

बिभीषणनं शेजारचं जाळं चाचपून मांडीवर ओढलं. मग काठावरच्या बोलण्याच्या अंदाजानं त्यानं तिकडं तोंड केलं. "आप्पाराव, जा बाबा तू. होडी इकायची न्हाई."

सिदूनं वाकळेच्या उंचीची फळी ठोकून दिली. भामाबाई रोज पहाटे तिच्यावर बसते, पाय टेकवते, समोर एकदा बघते. टोकाला बसलेला बिभीषण जाळं चाचपायला वाकतो, तोच मागून हाक येते,

"अवो, धरून बसा!"

आणि तो दोन्ही हातांनी धरून बसतो.