द्वारकाबाईंचे पाच महिने

तलमडुगुच्या मराठी शाळेतल्या द्वारकाबाई खमक्या. अठ्ठावीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले, तपासणीला आलेल्या साहेबालाही तोंडावर सुनावलं. पण लेकाचं नाव निघालं की आवाज उतरलाच म्हणून समजा. हर्षदीप हवाई दलात विमान चालवायला शिकत होता. दोन वर्षांत घरी आला तो एकदाच, पण आला तो चांगला पाच महिने राहिला.

झालं असं, की पहिला टप्पा संपला तेव्हा पुढच्या टप्प्यात जागाच नव्हती. विमानं मोजकी, शिकवणारे मोजके, पोरं जास्त. मग बसा घरी! गाव म्हणालं, काय हा कारभार. बाई मात्र मनातल्या मनात त्या कारभाराच्या पाया पडत होत्या. आता दुसरा टप्पा संपत आला होता, आणि परत तसेच पाच महिने मिळतील या आशेवर त्या दिवस काढत होत्या.

आणि ते महिने राहणार की जाणार, हे नेमकं पोटच्या लेकीच्या हातात आलं. अर्पिता हैदराबादला हवाई दलाच्याच कामावर नोकरीला. वैमानिकांचं सगळं शिक्षण संगणकात हुबेहूब मांडायचं, दहा वर्षं दहा मिनिटांत पळवून बघायची, कुठं तुंबतं ते शोधायचं, हे तिचं काम. एका रविवारी तिनं आईला ते दाखवलं. पडद्यावर ठिपके सरकत होते आणि एका चौकटीपाशी येऊन साचत होते.

"हे ठिपके म्हणजे पोरं, माय. इथं थांबून राह्यले."

"आपला कोणता याच्यात?"

"तसं नसते वं." अर्पिता हसली. "पाच महिने थांबले तरी शिकलेलं जात नाही, असं साहेब म्हणतात. मी तेच धरून राह्यली. मग घाई कायची?"

बाईंनी गप्प बसायचं, एवढंच होतं. गप्प बसलं की हर्षदीप परत पाच महिने घरी. जीव तर तेच म्हणत होता.

पण मागच्या त्या पाच महिन्यांत हर्षदीप रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून बसायचा. विमान उतरवायचं कसं ते पुटपुटायचा, आणि समोर नसलेल्या दांड्यांवरून त्याचे हात फिरायचे. पहिल्या महिन्यात भराभर. तिसऱ्यात मध्येच थबकायला लागले. डोळे उघडायचा, परत पहिल्यापासून. जून महिन्यात पोरं पाढे म्हणताना असंच थबकतात, हे बाईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

"पाच नाही चालत," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या महिन्यात त्याचे हात विसराले लागले होते. मी पाह्यलं."

"तवा काऊन नाही सांगितलं?"

"सांगून काय करू? लेकरू लवकर गेलं असतं माझं."

अर्पितानं शिकवणाऱ्यांना खोदून विचारलं. त्यांनीही मान डोलावली. मांडणी बदलली, वरच्यांना पटली, आणि पुढची तुकडी कमी पोरांची घ्यायची, म्हणजे आधीच्यांना लगेच जागा मिळेल, असं ठरलं. थांबणं संपलं.

दोन महिन्यांनी हर्षदीपचा फोन आला. मधे सुटी नाही, इथूनच सरळ पुढं.

"ताई म्हणे, तूच सांगितलं," तो चिडवत म्हणाला. "काऊन माय, मी घरी नको होतो काय?"

बाईंना हसून काहीतरी म्हणायचं होतं.

"ये ना बापा," त्या शेवटी म्हणाल्या. "कवाबी ये."