वॉटर कूलरची उत्सवमूर्ती आणि माझं इंग्लिश

आमच्या घरात सात माणसं आणि एक शिलाई मशीन. बेंगळुरूच्या चामराजपेटेत दुकानामागच्या एका खोलीत आम्ही राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळांचे युनिफॉर्म शिवत. शाळा उघडायच्या वेळी त्यांना जेवायला फुरसत नसे आणि बाकीचे महिने काम नसे. माझ्या अक्कानं सातवीतून शाळा सोडली आणि ती काज-बटणाला बसली. दोघांना शिकवणं अण्णांना जमण्यासारखं नव्हतं, आणि मी मुलगा होतो. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मी अभ्यास करायचा तो कापड बेतायच्या फळीवर. गिऱ्हाईक आलं की वही उचलायची. अण्णांनी कुठल्याशा रद्दीतून इंग्लिश पत्रलेखनाचं एक पुस्तक आणून दिलं होतं. 'विथ रेफरन्स टू'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत ते मी पाठ केलं. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. पुढे पर्सोनेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला आणि नव्वदच्या दशकात शहराबाहेर बोम्मसंद्र्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर झालो. आता त्याला एच.आर. म्हणतात. काम तेच आहे: कामगार आणि मॅनेजमेंट यांच्या मधे उभं राहायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या.

इंग्लिश ड्राफ्टिंगमध्ये माझा हात धरणारं त्या कारखान्यात कुणी नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. त्याच ड्राफ्टिंगनं एका माणसाची नोकरी जायची वेळ आली.

आमच्या कॅन्टीनमध्ये दर महिन्याला एक भित्तिपत्रक लागायचं. चार मोठे कागद, सगळं कन्नडमध्ये. कुणाची कविता, कुणाच्या मुलाचं चित्र, क्रिकेटचा स्कोअर. ते चालवायचं काम माझ्याकडे. कामगार चिठ्ठ्या आणून देत, मी माझ्या अक्षरात उतरवून लावत असे. त्यात 'कोनेय बेंचू', म्हणजे 'शेवटचा बाक', या टोपणनावानं एक सदर यायचं. लोक जेवणाचं ताट हातात घेऊन आधी ते वाचत आणि मग बसत. लेखकाचं खरं नाव फक्त मला माहीत होतं आणि ते कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला होता.

तो होता टूल रूममध्ये ग्राइंडर चालवणारा बसवराजु. चाळिशीचा, गंभीर चेहऱ्याचा माणूस. तो विनोद करतो यावर त्याच्या बायकोचाही विश्वास बसला नसता. चार्जहँडच्या जागेसाठी त्याची शिफारस झाली होती. चार्जहँड म्हणजे कामगारांतून सुपरवायझर होण्याची पहिली पायरी. कागद प्लांट हेडच्या टेबलावर सहीसाठी होता.

प्लांट हेड होते देवधर साहेब. पुण्याचे, जे. पी. नगरला राहायचे. त्यांना कन्नड येत नव्हतं. म्हणून भित्तिपत्रक लागलं की त्याचं इंग्लिश भाषांतर करून मी त्यांच्या फाइलला लावत असे. कवितांपुढे 'पोएम ऑन मदर' एवढं पुरे व्हायचं. पण त्या महिन्यात शेवटच्या बाकानं वॉटर कूलरवर लिहिलं आणि ते मी शब्दशः भाषांतरित केलं. निदान मला तसं वाटलं.

भाषांतर वाचून साहेबांनी मला बोलावलं. आम्ही दोघंही मराठी, पण एकमेकांशी इंग्लिशमध्ये बोलायचो. कारण सांगतो. ते नवीन आले तेव्हा मी आपलेपणानं मराठीत विचारलं होतं, "साहेब, बेंगळुरास तुमी कवा आलात?" ते हसून म्हणाले, "राव, तुमची मराठी फार गोड आहे हो." त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं असेल. पण आमचे पूर्वज इथे येऊन तीनशे वर्षं झाली, आमच्या मराठीत कन्नड मुरलंय, आणि ती कुणी गोड म्हणावी म्हणून आम्ही बोलत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी इंग्लिशच बोललो.

साहेबांनी माझा टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "मिस्टर राव, हे काय आहे?"

"सर, भित्तिपत्रकाचं भाषांतर."

"कस्टमर कारखाना तपासायला आला, त्या ऑडिटच्या दिवशी आपण खोटेपणा केला, असं यात म्हटलंय. ज्या कॅन्टीनमध्ये कस्टमर जेवतो त्या भिंतीवर. मी हे हेड ऑफिसला फॅक्स केलंय. त्यांना अॅक्शन हवी आहे. कुणी लिहिलं?"

"सर, नाव न सांगण्याच्या अटीवर..."

"अक्षर तुमचं आहे. शुक्रवारपर्यंत नाव द्या. नाही दिलंत तर तुम्हीच लिहिलं असं मी धरीन."

नाव दिलं की पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, कारण ते करणं माझंच काम होतं. आधी चार्जशीट, म्हणजे आरोपांचं पत्र. मग सस्पेन्शन. मग डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कारखान्यातच भरवलेलं छोटं कोर्ट. 'कंपनीची बदनामी' हे कलम असं होतं की त्यातून नोकरीवर परत आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

दुपारी टूल रूममध्ये गेलो. बसवराजुनं ग्राइंडर बंद केला, चष्मा काढला, सगळं ऐकून घेतलं.

"सरी सार," म्हणजे ठीक आहे सर, तो कन्नडमध्ये म्हणाला, "माझं नाव द्या. तुमची नोकरी कशाला घालवता?"

"आणि तुझी?"

"मी लिहिलंय ना. पण एक सांगा, एवढं चिडण्यासारखं काय वाटलं त्यांना? सिक्युरिटीचा हवालदारसुद्धा हसला, आणि मी त्याचंही नाव घेतलं होतं."

मी खिशातून इंग्लिश कागद काढला आणि ओळीओळीनं त्याला कन्नडमध्ये सांगितला. ऑडिटच्या दिवशी अॅडमिन ब्लॉकमधील वॉटर कूलर मशीन शॉपमध्ये हलवण्यात आला. त्यास विजेची जोडणी देण्यात आली नाही. कामगारांना त्यातून पाणी मिळाले नाही. ऑडिटनंतर कूलर पूर्वस्थानी नेण्यात आला. सदर प्रकार वर्षातून दोनदा घडतो, असा आरोप आहे.

बसवराजुनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "सार, हे मी नाही लिहिलं. हे तुम्ही लिहिलंत."

मला राग आला. एकही गोष्ट मी पदरची घातली नव्हती. "यातलं खोटं काय आहे ते सांग."

"खोटं काहीच नाही. म्हणून तर भीती वाटते."

संध्याकाळी घरी गेलो. अण्णा थकले होते, पण मशीनवर बसायचे. त्यांना बसवराजुचा मूळ मजकूर वाचून दाखवला. दुसऱ्या ओळीला त्यांनी पायडल थांबवलं. शेवटाला ओठांत धरलेली टाचणी काढून ठेवली, कारण हसताना ती गिळली जाईल अशी त्यांना भीती वाटली.

"छान लिहिलंय रे. सोंग आहे हे," ते म्हणाले. तरुणपणी अण्णा आमच्या समाजाच्या देवळात भारुडाची सोंगं घ्यायचे. "सोंगातनं पंचमंडळींना सुद्धा बोलायचो आम्ही. पंच पहिल्या रांगेत बसून हसायचे. तेच दुसऱ्या दिवशी सभेत उभं राहून बोललो असतो तर समाजातनं काढलं असतं. तुझ्या साहेबाला का नाही हसू आलं?"

"मी इंग्लिशमध्ये दिलं त्यांना."

"सोंग काढून घेतलंस आणि नुसतं बोलणं दिलंस. साहेबाला दुसरी कुठली भाषा येते?"

"आपलीच."

"मग?"

मी त्यांना 'गोड मराठी'ची गोष्ट सांगितली. अण्णांनी टाचणी परत ओठांत धरली आणि पायडल मारायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या माणसाची नोकरी मोठी का तुझं नाक मोठं, ते बघ स्वल्प."

शुक्रवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि मराठीत म्हणालो, "साहेब, नाव सांगायच्या आधी तेवढं मूळचं ऐका. आमच्या घरात बोलतो तशा मराठीत सांगतो. हसायचं तर माझ्या मराठीला सुद्धा हसा, चालेल."

ते चमकले. बसा म्हणाले. मी उभाच राहिलो, कारण सोंग बसून होत नाही.

"आज सकाळी साडेनवाच्या मुहूर्तावर श्री शीतलेश्वरस्वामींची स्वारी अॅडमिन ब्लॉकातनं निघाली. म्होरं सिक्युरिटीचे हवालदार मुत्तण्णा, मागं ट्रॉली ढकलणारे चार भोई. दोन्ही बाजूंना मशीन शॉपचे भक्त हात जोडून. एरवी स्वामी आत गाभाऱ्यात असतात, साहेब लोकांच्या सेवेत. वर्षातनं दोनदा पाहुणे आले की तेवढी उत्सवमूर्ती बाहेर पडती. स्वामी सात नंबरच्या खांबापाशी विसावले. एका अज्ञानी भक्तानं पुढं होऊन नळ दाबला. तीर्थ येईना. पुजारी ओरडले, आज नुसतं दर्शन, तीर्थ नाही. भक्तानं नळाला नमस्कार केला आणि तो मागं सरला."

साहेबांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"पाहुणे आले. स्वामींकडे बघून मान डोलावली, वहीत खूण केली. चार वाजता स्वारी माघारी. भक्त आपल्या निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमाकडे गेले. ड्रम म्हणाला, आलात का? मला कोण बघाय येत नाही बाबांनो, मी रोजचाच."

यावर साहेब हसले. आवाज बाहेर गेला असावा, कारण त्यांच्या स्टेनोनं दार उघडून आत पाहिलं. मग ते एकदम थांबले.

"राव, खरंच वीज जोडली नव्हती?"

"सात नंबरच्या खांबाला प्लग पॉइंटच नाही, साहेब."

"मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की व्हिजिटर जातील त्या वाटेवर एक कूलर दिसला पाहिजे."

"दिसला, साहेब."

त्यांनी माझा टाइप केलेला कागद परत पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "पण डिसिप्लिनचं काय? असं कुणीही उठून लिहायला लागलं तर?"

"राजांच्या दरबारात विदूषक असायचा की साहेब. तो राजाला तोंडावर बोलायचा. त्याला चार्जशीट दिलेलं मी कुठं वाचलं नाही."

"त्याला पगार कोण द्यायचं?"

"राजाच."

साहेब परत हसले, पण कमी. "ते ठीक आहे. हेड ऑफिसला काय सांगू? तुमचा कागद त्यांच्याकडे आहे. त्यात आरोप आहे आणि त्यांना कुणावर तरी अॅक्शन हवी आहे."

याचा विचार मी बसमध्ये केला होता. म्हणालो, "कागद माझाय. भाषांतर चुकलं असं कळवा. चुकीबद्दल मला मेमो द्या."

मेमो म्हणजे लेखी समज. ती पर्सनल फाइलमध्ये लागते आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहते. इतरांच्या फाइलींना मी आजवर किती लावल्या होत्या, माझी फाइल कोरी होती. साहेबांनी विचारलं, "नक्की?" मी होय म्हणालो. त्यांनी मला तिथेच मेमोचा मजकूर लिहायला लावला, कारण तसा ड्राफ्ट दुसऱ्या कुणाला जमला नसता. 'ड्यू टू डिफेक्टिव्ह ट्रान्सलेशन' ही ओळ मी स्वतः घातली. इंग्लिशमध्ये स्वतःविरुद्ध लिहिलेलं माझं ते एकमेव पत्र, आणि चांगलं जमलंय.

त्यासोबत नवं भाषांतर गेलं. त्याला मला दोन दिवस लागले. पुस्तकातलं पत्रलेखन तिथे उपयोगी पडेना. 'उत्सवमूर्ती'ला तर इंग्लिश शब्दच सापडेना, शेवटी देऊळ, गाभारा, मिरवणूक सगळं तीन ओळींत समजावलं. दोन दिवसांनी हेड ऑफिसमधून साहेबांना फोन आला. तिकडे तो कागद तीन मजले फिरला होता. विषय बंद करा म्हणाले, आणि शेवटी कुणीतरी विचारलं, स्वामींना प्लग पॉइंट बसवायला तुम्हाला सँक्शन लागतं का?

तेव्हापासून माझं मत असं आहे. आपल्याकडे लोकांनी मोठ्यांना बोलायच्या जागा आधीपासून करून ठेवल्यात. भारुडात बोलतात, शिमग्यात बोलतात, लग्नात विहिणीला गाण्यातून बोलतात, आणि विहीण जेवून जाते. त्यातलं हसू काढून फाइलला लावलं की उरते ती तक्रार. तक्रारीला आरोपी लागतो. पर्सोनेलच्या माणसानं कामगाराचा विनोद वर पाठवायचा असेल तर हसूसकट पाठवावा. जमत नसेल तर 'पोएम ऑन मदर' लिहावं आणि गप्प बसावं.

साहेब आणि मी पुढे मराठीतच बोललो. ते त्यांच्या मराठीत, मी माझ्या. महिनाअखेरीस त्यांनी चार्जहँडच्या कागदावर सही केली. शेवटचा बाक कोण, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. दसऱ्याच्या आयुधपूजेच्या आधी मशीन शॉपमध्ये दोन कूलर बसले. दोन्हींना वीज होती आणि दोन्हींतून थंड पाणी येत होतं.