बंद टिलरची भीती

सकाळी भावजयीचा, शोभाचा फोन आला तेव्हा मी सायखेड्याच्या घरी चहा गाळत होते. "आक्का, हे गेले…" एवढंच ती बोलली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "टिलरनं?" धाकट्या भावाच्या मरणाची बातमी ऐकून कुणी असं विचारतं का! पण आमच्या दिनूला ओळखणाऱ्या कुणालाही हेच सुचलं असतं. "नाय हो आक्का, झोपेतच गेले," शोभा रडत म्हणाली. ज्याची त्यानं जन्मभर धास्ती घेतली, त्या यंत्रानं त्याला ओरखडाही काढला नाही.

दिंडोरीजवळच्या मळ्यात द्राक्षबागेच्या कडेला तो भाजीपाला करायचा. माती भुसभुशीत करायला एक जुना पेट्रोलचा टिलर घेतला होता. एकदा पात्यांत सुतळी गुंतली. इंजिन बंद करून, पण गिअर तसाच ठेवून, दिनूनं हातानं पातं उलटं फिरवलं आणि गरम इंजिन एकदम खोकलं. पातं अर्धा फेरा फिरलं, चपलेचं टोक कापून गेलं. अंगठा वाचला. घरी येताच त्यानं मला फोन लावला. "चालू असतं तेव्हा आवाज तरी येतो गं आक्का. बंद असतं तेव्हाच मला लय भ्या वाटतं…"

मी त्याला भागूबाई म्हणून चिडवायचे. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन. "आक्का, गॅस बंद केला ना? मोटर बंद केली ना?" मी वैतागायचे, "अरे, नातवंडं झाली मला, तू काय शिकवतोस?" तो हसायचा, पण 'हो' म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

तेराव्यानंतर काही आठवड्यांनी मी मळ्यात गेले. मेथीच्या वाफ्यांत गवत माजलं होतं. टिलर विकायला शोभाचा साफ नकार; ती स्वतःच चालवणार होती. बरं, म्हटलं, मी पण शेतकरणीच आहे! जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, चोक ओढला, दोरी ओढून ओढून दोघींचे खांदे भरून आले. हू नाही की चू नाही. प्लग काढून पुसला, इंजिनाला टेकवून दोरी ओढली, तर ठिणगीच नाही. "गेलं हे कामातून," म्हणत मी प्लग परत बसवला. यंत्र सरकू नये म्हणून गिअर टाकला आणि पात्यांतली जुनी सुतळी सोडवायला बसले. पातं जड जात होतं, म्हणून चांगला जोर लावून फिरवलं. मेलेलं यंत्र, ते काय करणार?

सुतळी निघाली, मी उठले. शोभा हँडल पुसत होती. हँडलखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला होता, तो तिनं वर केला. आत एक छोटा खटका! त्याची वायर थेट इंजिनापर्यंत गेलेली; तो बंद, म्हणून ठिणगी नव्हती. दिनूनं कधी बसवला, कुणाला ठाऊक! तिलाही सांगितलं नव्हतं. तिनं खटका चालू केला, दोरीला हात घातला आणि थबकली. "आक्का, बाजूला व्हा आधी. गिअर पडलेलाच हे."

गिअर काढून तिनं दोरी ओढली. एका झटक्यात इंजिन धडधडायला लागलं… मी तिथंच ढेकळांत बसले. शोभा आनंदानं ओरडत होती, आणि मी एकेक बोट चाचपून बघत होते. अगं बाई, हाच हात मघाशी त्या पात्यात होता! त्या भित्र्यानं खटका बंद करून ठेवला नसता तर? दिनू, माझ्या राजा, तुला भागूबाई म्हणणारी ही तुझी आक्का धडधाकट हातांनी हे लिहिते आहे.

आता शोभा टिलर चालवते. संध्याकाळी फोन मी करते. "खटका बंद केला ना गं?" ती म्हणते, "थांबा, बघून येते," आणि फोन तसाच ठेवून गोठ्यात लावलेल्या टिलरकडे जाते. ती परत येऊन 'हो' म्हणेपर्यंत मी फोन ठेवत नाही.