मगदूम सर माल्टाला कधीच निघाले नव्हते

सदाशिव मगदूम आणि त्यांची बायको शांताक्का. मगदूम सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. शांताक्का सातवी पास, घरी. साल १९७३, होळीच्या आधीचा बुधवार, सकाळचे नऊ-सव्वानऊ. त्या वेळी या दोघांचं मी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मंडळातल्या सोबत्यांना नाही, बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कोल्हापूरचे असाल तर त्यात तुमचाही थोडा हात आहे. थोडाच. बाकी सगळा माझा.

मी पत्रकं लिहितो. एकोणिसाव्या वर्षापासून. रॉकेलची टंचाई, एस.टी.ची भाडेवाढ, दुष्काळात रेशनवर आलेला लाल मिलो, ती परदेशी ज्वारी — बिंदू चौकात तुमच्या हातात कोंबलेल्या आणि पुढं भेळेखाली गेलेल्या कितीतरी कागदांवरचा मजकूर माझा. मला संताप लवकर येतो, आणि तो खोटा नसतो. तेव्हाही नव्हता. रेशनच्या दुकानापुढं रांगेत बायका चक्कर येऊन पडत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण संताप खरा असला की माणूसही खरा असतो, हे कुणी ठरवलं? मी तसंच धरून चाललो होतो.

मगदूम सरांचं घर आमच्या घरापासून तिसरं. घरात ते दोघं आणि सरांची म्हातारी आई. आईला अर्धांगवायू होऊन नऊ वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं मात्र स्वच्छ. तिला एकटं सोडून दोघांना मिळून कुठं जाता येत नव्हतं. आम्ही जिला नुसतं वाडी म्हणतो, त्या दत्ताच्या नृसिंहवाडीलासुद्धा नाही. एका पौर्णिमेला सर जायचे, पुढच्या पौर्णिमेला आक्का. एकानं पाहिलेलं दुसऱ्यानं घरी बसून ऐकायचं. नऊ वर्षं असं चाललेलं.

त्यातच सातव्या वर्षी त्यांनी एक वही काढली. दर उन्हाळ्यात एक जागा ठरवायची आणि तिथं दोघांनी मिळून जायचं — वहीत. नकाशा सर काढायचे, बाकीचं सगळं आक्का. आधी म्हैसूर झालं, मग काश्मीर. पुढच्या उन्हाळ्यासाठी आक्का म्हणाल्या, आता समुद्रापलीकडं जाऊ, इथं पैसे थोडेच पडत्यात. सरांनी भूमध्य समुद्रातलं एक बेट काढलं. माल्टा. शाळेच्या नकाशावर मोहरीएवढं.

यात मी कुठून आलो? पत्रांमधून. परदेशातल्या पर्यटन कचेरीला पत्र टाकलं की ते रंगीत चित्रांची पुस्तकं फुकट पाठवतात, हे तेव्हा बऱ्याच जणांना ठाऊक होतं. सरांचं इंग्रजी भूगोलापुरतं. मी त्यांचा जुना विद्यार्थी, बी.ए. झालेला. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं लिहिताना मी म्हणालो, सर, आम्ही नवराबायको मे महिन्यात येणार आहोत असं लिहू, त्याशिवाय ते पाठवत नाहीत. सरांनी कागद माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाले, "खोटं कशाला लिहायचं रं बाळ्या? न्हाय आलं पुस्तक तर न्हाय आलं." मीच त्यांना पटवलं. ते वाक्य माझं होतं. हे लक्षात ठेवा.

पुस्तकं आली. तीन. सोबत छापील कागदावर टाइप केलेलं पत्र — आपण उभयता मे महिन्यात येत असल्याचं वाचून आनंद झाला, वगैरे. ती संध्याकाळ मला अजून दिसते. आक्का तांदूळ निवडत चित्रं बघत होत्या. तिथं हिरव्या बोरांसारखं काहीतरी खारवून खातात, हे मी वाचून दाखवलं.

"मग झालं की," आक्का म्हणाल्या. "लोणचं तिथलं, दशम्या आपल्या. दोन दिस तर निघत्यात. पर बोटीचं कसं? ह्यास्नी रंकाळ्यात नावंत बसलं की चक्कर येती."

"तवा ऊन लागलंतं," सर म्हणाले.

"श्रावणात?"

आतल्या खोलीतून म्हातारी हसली. तिला सगळं माहीत होतं. ती या खेळात होती. पहिल्या दिवशी काय बघायचं असं मी विचारलं, तेव्हा आक्कांनी मान हलवली. पहिल्या दिवशी काही बघायचं नाही. दोघांनी नुसतं शेजारी शेजारी बसायचं, कुणी हाक मारणार नाही अशा जागी. वहीत तसंच लिहिलंय — पहिला दिवस : बसणे. मी स्वतः वाचलंय.

म्हणजे मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. वर्षभर मी त्या घरात चहा पीत होतो.

मग असं का केलं? कारण इतकं हलकं आहे की लिहायची लाज वाटते. फेब्रुवारीत आमच्या मंडळानं महागाईविरुद्ध बंद पुकारला. शाळा बंद करायला मी सात-आठ पोरं घेऊन गेलो. सगळे वर्ग उठले, मगदूम सरांचा उठला नाही. मी दारात जाऊन घोषणा दिली. सरांनी खडू खाली ठेवला नाही. म्हणाले, "आलायस तर बस मागच्या बाकावर. नद्या भरून दे नकाशात, मग कर बंद." आणि मी बसलो. अजून कळत नाही का बसलो. गुडघे आपोआप वाकले. वर्ग हसला, दारातली माझी पोरं हसली. आठवडाभर मंडळात मला कुणी नावानं हाक मारली नाही. "काय नदीवाले, कृष्णा कुठं उगम पावती?" एवढंच. एवढ्यासाठी.

मार्चमध्ये मंडळाच्या अध्यक्षांनी बैठकीत सांगितलं, महागाई महागाई करून लोक कंटाळलेत, एखादं जिवंत उदाहरण पाहिजे, लोक मिलो खातायत आणि कोण चैन करतंय ते दाखवा. कुणी व्यापाऱ्याचं नाव घेतलं, कुणी कारखान्याच्या संचालकाचं. ती माणसं अंगावर आली असती. मी म्हणालो, माझ्याकडं एक आहे. कागदासकट.

तो कागद माझ्याकडं होता. आभाराचं उत्तर लिहायला सरांनी विश्वासानं दिलेला.

पत्रक लिहायची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगतो. आरोप करायचा नाही, प्रश्न विचारायचा. आरोपावर खटला होतो, प्रश्नावर होत नाही. मी फक्त प्रश्न लिहिले. जनता लाल मिलो खात असताना भूमध्य समुद्रातल्या बेटावर सहलीला कोण निघालं आहे? बंदच्या दिवशी गोरगरिबांच्या लढ्याला पाठ दाखवणारे शिक्षक ते हेच का? एका मास्तराला माल्टा परवडतो कसा? खाली त्या पत्राचं मराठी. पत्र खरं होतं, तारीख खरी होती, 'आपण उभयता' खरं होतं. माझ्याच खोट्या वाक्याला आलेलं उत्तर मी पुरावा म्हणून छापलं. सोमवारी वाटलं. मंगळवारी पेठेत दुसरा विषय नव्हता.

तुम्ही म्हणाल, हाच गुन्हा. मीही काही वर्षं तसंच समजत होतो. हा नाही.

बुधवारी सकाळी पोरांनी सरांच्या दारात निरोप समारंभ काढला. शिमग्याचे दिवस, पोरांना निमित्त हवंच होतं. हलगी, झेंडूचा हार, कुणाच्या तरी घरची पत्र्याची ट्रंक, तिच्यावर खडूनं 'माल्टा'. साठ-सत्तर माणूस. मी मागं उभा होतो. पुढारी मागंच उभे राहतात.

आक्का बाहेर आल्या, हाताला पीठ. त्यांनी पत्रक वाचलं नव्हतं. सरांनी घरात येऊच दिलं नव्हतं, हे पुढं कळलं. त्यांना वाटलं, पोरं शिमग्याची चेष्टा करतायत. कुणीतरी ओरडलं, "काकू, मिलोच्या भाकरी नेताय काय तिकडं?" आणि आक्का हसून म्हणाल्या, "न्हाय रं बाबा, दशम्या नेणार हाय."

काय हशा पिकला म्हणून सांगू. त्या पहिल्यांदा लोकांबरोबर हसल्या. मग चेहरे बघितले. मग थांबल्या.

सर वही घेऊन आले. उघडून सगळ्यांपुढं धरली. "हे नुसतं वहीतलं हाय," म्हणाले. "आमी कुठं जात न्हाय. आई हाय घरात, आमी कुठं जाणार?" कुणी ऐकेना. तेव्हा त्यांना मी दिसलो. रागानं नाही बघितलं त्यांनी. बुडत्या माणसाला काठ दिसावा तसं बघितलं. म्हणाले, "त्याला इचारा. बाळ्याला ठावं हाय. पत्रं त्यानंच लिहिलीत."

सगळे वळले. हलगी थांबली.

मला एक वाक्य बोलायचं होतं. 'होय, मीच लिहिलीत,' एवढं म्हणालो असतो तरी पोरं ट्रंक उचलून परत गेली असती. मी काय म्हणालो? मी प्रश्न विचारला. "पण सर, जायाचं नसताना वहीभर कोण कशाला लिहील?"

बघा, यातही खोटं काही नाही. नुसता प्रश्न. लोकांना तो इतका पटला की साठ-सत्तर माणसं एकदम हसली. कुणीतरी हार सरांच्या गळ्यात घातला. त्यांनी तो काढला नाही. तसेच उभे राहिले.

आणि तेव्हा आतून आवाज आला. हलगी थांबलेली होती म्हणून सगळ्यांना ऐकू आला. म्हातारी विचारत होती, "सदा... कुठं निघालास रं? खरंच निघालास व्हय? मला कुणाकडं ठेवणार?"

कुणी हसलं नाही. ट्रंक धरलेल्या पोरानं ती खाली ठेवली. बाजूच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. त्या क्षणी सगळं मोडलं असतं, आपोआप. मला काही बोलावंही लागलं नसतं, नुसतं गप्प राहायचं होतं. पण तो समारंभ मोडला असता तर पत्रक मोडलं असतं, आणि मी पुन्हा मागच्या बाकावर बसलो असतो — मी हलगीवाल्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली. वाजव.

त्यानं वाजवली. म्हातारीचा आवाज बुडाला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पत्रक माझं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली. खूण फक्त हलगीवाल्यानं पाहिली. आणि मगदूम सरांनी. ते माझ्याकडंच बघत होते.

त्यानंतर म्हातारीसाठी तो खेळ राहिला नाही. कुणी घराबाहेर निघालं, दळणाला, शाळेला, पाण्याला, की ती आक्कांचा पदर डाव्या मुठीत धरून ठेवायची. निघाला काय? दोघं मिळून निघाला काय? आमच्या घरात ऐकू यायचं. पुढच्या माघात ती गेली. शेवटच्या दिवसापर्यंत तिला वाटत होतं की लेक-सून तिला टाकून बेटावर जाणार आहेत. ज्यांनी नऊ वर्षं तिच्यासाठी एक रात्र बाहेर काढली नाही, ते.

सरांना 'माल्टा' हे नाव पडलं. वर्गात, गल्लीत, भाजीवाल्याकडं. निवृत्त झाल्यावर दोघं मुरगूडला आक्कांच्या माहेरी गेली. गेल्या वर्षी एका सभेसाठी मी मुरगूडला गेलतो. स्टँडसमोर चहा घेत होतो, तर समोरून सर चालले होते. पाठ वाकलेली, छत्री हातात. चहावाला आपणहून म्हणाला, "माल्टा मास्तर." का म्हणतात तसं, मी विचारलं. "कुणाला ठावं, पावणं. पैल्यापास्नं म्हणत्यात. पर माणूस घरकोंबडा. बायकूला घिऊन वाडीला जायाला स्टँडवर आलतं एकडाव. कुणीतरी म्हटलं, काय मास्तर, निघाला माल्टाला? झालं. पिशवी घेतली नि दोघं परत घरला. पुन्यांदा न्हाय आलं."

सर रस्ता ओलांडून गेले. हाक मारायची तर काय म्हणून मारायची? मी चहा संपवला, सभेला गेलो, शोषणावर पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या.

आता त्यांच्या घरी कुणी आजारी नाही. वाट बघणारं कुणी नाही. दोघांना कुठंही जाता येईल, आणि कुठंही जाता येत नाही. हे माझ्या हातून दुरुस्त होणार नाही. सरांचं वय झालंय, आक्कांचे गुडघे गेलेत, आणि ते नाव आता माझं राहिलेलं नाही, ते तुमच्या तोंडात आहे. मला माफी नको, मागतही नाही. या वेळी प्रश्नही विचारत नाही, सरळ सांगतो. मुरगूडच्या स्टँडवर एक म्हातारा आणि म्हातारी पिशवी घेऊन वाडीच्या गाडीची वाट बघताना दिसली, तर तोंड उघडू नका. उठा, आणि दोघांना शेजारी शेजारी जागा द्या.